टक्के पुरे, आता खंड मोजा : कृषिमंत्री आणि मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री आणि मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

सप्टेंबर संपला की पावसाचा तक्ता बाहेर पडतो. जिल्ह्याचे नाव, सरासरी पाऊस, प्रत्यक्ष पाऊस आणि शेवटच्या रकान्यात टक्के. शंभरी ओलांडली की जिल्हा सुखी, पंचाहत्तरीच्या खाली गेला की चिंतेचा, आणि मधले सगळे ‘समाधानकारक’. माझे हे पत्र त्या शेवटच्या रकान्याविरुद्ध आहे, कारण पावसातले खंड, म्हणजे दोन पावसांमधले सलग कोरडे दिवस, त्यात दिसत नाहीत.

मी मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या पठारावर सोयाबीन-तूर करतो. त्याआधी बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, तेव्हा आकड्यांशी माझे वैर नाही. पण ज्या आकड्यावरून दुष्काळ ठरतो, विमा ठरतो, मदत ठरते, तो आकडा शेताबद्दल काहीच सांगत नसेल तर कुणीतरी बोलायला हवे.

२०२३ चेच उदाहरण घ्या. देशात त्या हंगामात दीर्घकालीन सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. सर्वसाधारण म्हणायला ९६ टक्के लागतात, म्हणजे दोनच टक्क्यांनी हुकले. आता महिने सुटे करा. जुलैत १३ टक्के जास्त, सप्टेंबरात १३ टक्के जास्त आणि मधल्या ऑगस्टात ३६ टक्के कमी. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे सोयाबीन फुलावरून शेंगेवर येण्याचा महिना. त्या दिवसांत काळ्या रानात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि सकाळी झाडाखाली फुलांचा सडा असायचा. सप्टेंबरात पाऊस आला तेव्हा पाने पुन्हा हिरवीगार झाली, पण शेंगा एकदाण्याच्या किंवा पोचट. ‘पीक हिरवे दिसते’ म्हणून नजर पाहणीत आकडा मात्र चांगला लागला.

हा काही एका सालाचा अपवाद नाही. २०१९ च्या जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट होती आणि हंगाम संपला तेव्हा बेरीज ११० टक्क्यांवर गेलेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच सालच्या सप्टेंबरअखेर मांजरा धरण भरून वाहिले. वार्षिक बेरजेत ही दोन्ही चित्रे एकमेकांना पुसून टाकतात.

जिल्ह्याच्या सरासरीचे तर विचारू नका. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि माण-खटावही आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माण-खटावला पाचशेच्या आसपास. एवढे लांब कशाला, महाबळेश्वरचा घाट उतरून वाईला या, तीसेक किलोमीटरवर पाऊस हजाराच्याही खाली येतो. अरबी समुद्रावरून आलेले वारे घाटमाथ्यावर बहुतेक ओझे टाकतात आणि उरलेसुरले घेऊन पुढे येतात. अशा जिल्ह्याची सरासरी काढणे हे गणिताच्या दृष्टीने शक्य आहे, इतकेच.

आता हे खंड का पडतात, याबद्दल थोडे. दूरचित्रवाणीवर त्याचे उत्तर एका शब्दात मिळते: एल निनो. पॅसिफिकचे पाणी तापले की आपला पाऊस बिघडतो, हे मुळात खरेच आहे. १९०४ मध्ये हवामान खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. भारताच्या पावसाचा अंदाज बांधता यावा म्हणून जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहताना त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यातला दाबाचा हेलकावा सापडला. एल निनोचा आजचा अभ्यास त्यावरच उभा आहे. पण १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी होता आणि त्या साली देशात १०२ टक्के पाऊस झाला. २००२ चा त्या मानाने खूपच सौम्य, तरी त्या जुलैत पाऊस निम्म्यावर आला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर आटोपला. मधे हिंदी महासागराचे स्वतःचे राजकारण असते. त्याचा पश्चिमेकडचा भाग जास्त तापला आणि सुमात्राकडचा थंड राहिला की आपल्याला बहुधा मदत होते. २०१९ ला ती भरभरून झाली. तेव्हा एल निनो फार तर हंगामाच्या बेरजेकडे बोट दाखवतो. ऑगस्टात माझ्या महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या आमच्या काही गावांच्या गटात, किती दिवस कोरडे जातील, हे तो सांगत नाही.

ते सांगणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा, ज्याला मान्सूनचा आस म्हणतात, तो दक्षिणेकडे असला की आपल्याकडे पाऊस. तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आपल्याकडे उघडीप आणि तिकडे पूर. २०२३ च्या ऑगस्टात शिमल्याला डोंगर कोसळत होते आणि मराठवाड्यात चैत्रासारखे ऊन होते, ही एकाच घटनेची दोन टोके. शिवाय विषुववृत्तालगत तीस ते साठ दिवसांच्या फेऱ्याने पूर्वेकडे सरकणारी ढगांची मोठी लाट असते. मॅडन आणि ज्युलियन या दोघांनी १९७१ मध्ये ती दाखवून दिली. ही लाट कुठे आहे, त्यावर आपल्याकडे झड लागणार की खंड पडणार, हे बरेचसे अवलंबून असते. आणि मराठवाड्याचा बराच पाऊस बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर असतो. ती क्षेत्रे उत्तरेकडून निघून गेली की आम्ही नुसते ढग मोजत बसतो.

आमच्या आजोबांच्या पिढीला यातले काही ठाऊक नव्हते, पण त्यांचा हिशेब तुमच्या तक्त्यापेक्षा शहाणा होता. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा… तेरा-चौदा दिवसांचे एकेक नक्षत्र आणि प्रत्येकाचा वेगळा जमाखर्च. ‘यंदा आर्द्रा कोरड्या गेल्या, पण पुष्याने तारले’ असे म्हणायचे. वाहन कोणते, बेडूक की गाढव, या भागाशी मला घेणे नाही. पण पंधरवड्याचा पाऊस पंधरवड्याच्या खात्यावर मांडायचा, हस्ताचा पाऊस मघांच्या नावावर जमा करायचा नाही, ही शिस्त त्यात होती. सरकारी तक्त्यात ती नाही.

‘पाऊस कमी झालाय का हो?’ हा प्रश्न गावात नेहमी निघतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे पाषाणच्या आयआयटीएमने, ३०६ पर्जन्यमापक केंद्रांवरून १८७१ पासूनची देशाच्या पावसाची मालिका बांधली आहे. तिच्यात एकाच दिशेने घसरत जाणारी रेघ दिसत नाही. दिसतात ती काही दशके ओली, काही दशके कोरडी, अशी आवर्तने. विसाव्या शतकाची पहिली तीस वर्षे कोरडी, पुढची तीस ओली, त्यानंतर पुन्हा कोरड्याकडे झुकलेली. हवामान खात्याने २०२२ मध्ये देशाची हंगामी सरासरी ८८ सेंटिमीटरवरून ८७ वर आणली, तेव्हाही या आवर्तनांचेच कारण दिले होते. म्हणजे बेरीज फारशी हललेली नाही.

हलली ती वाटणी. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र झपाट्याने तापतो आहे. याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारतात, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. त्याच वेळी मध्यम, रिमझिम, रानात मुरणारा पाऊस आटला आहे. तोच सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर पाऊस थोड्या दिवसांत उरकणार असेल, तर मधले दिवस कोरडे राहणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बेरीज तीच ठेवून वाटणी बिघडली आहे आणि तुम्ही नेमकी बेरीजच मोजता आहात!

आता तुमच्या निकषांकडे येतो.

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. हा निकष वर्षानुवर्षे होता आणि त्यामुळे रोज चाळीस-पन्नास मिलिमीटर पडून आठवडाभर रान चिबडले तरी कागदोपत्री काहीच घडलेले नसायचे. २०२३ मध्ये शासनाने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली आणि सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर अशी अट घातली. निर्णय चांगला होता, श्रेय द्यायला हवे. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली: दिवस मोजणे शासनाला जमते. ओले दिवस मोजता येतात, तर कोरडे का येऊ नयेत?

तेही थोडे मोजले जात होते. पीक विमा योजनेत हंगामातली प्रतिकूल परिस्थिती नावाची तरतूद होती. पावसात २१ दिवसांचा खंड पडला आणि पाहणीत उत्पादन निम्म्याहून खाली जाईल असे दिसले, तर भरपाईच्या २५ टक्के रक्कम अग्रिम मिळायची. २०२३ ला अनेक जिल्ह्यांत तिच्यासाठी अधिसूचना निघाल्या. आणि मग सुरू झाला अडीच मिलिमीटरचा तमाशा. २.५ मिलिमीटर पाऊस झाला की तो दिवस पावसाचा, अशी हवामानशास्त्रातली व्याख्या आहे. आमच्या भागात विमा कंपनीच्या प्रतिनिधीने सरळ सांगितले, ‘तुमच्या मंडळात मधे एक दिवस तीन मिलिमीटर लागलाय, खंड तुटला.’ साहेब, ऑगस्टच्या उन्हात उभे सोयाबीन दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवते. ते तीन मिलिमीटर पानांवरूनच परत गेले. मुळाला कळलेसुद्धा नाही. कंपनीच्या खंडाला मात्र कळले.

व्याख्या तोकडी होती, मान्य. मग ती सुधारायची होती. तुम्ही २०२५ च्या खरिपात तरतूदच काढून टाकली. एक रुपयाचा विमा बंद करताना स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचे नुकसान हे सगळे वगळले आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर, ठेवली. एक रुपयाच्या योजनेत बोगस अर्ज झाले, देवस्थानच्या आणि सरकारी जमिनीवर विमे उतरवले गेले, हे खोटे नाही. पण ती लबाडी सातबाऱ्यावर झाली होती. पर्जन्यमापकाने कुणाला फसवले नव्हते. खंड मोजणारी, तोडकीमोडकी का होईना, एकमेव व्यवस्था नेमकी अशा काळात गेली जेव्हा खंडच मुख्य संकट झाले आहेत. त्याच २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस दाखल झाला, २६ मे रोजी मुंबईत, जिथे तो ११ जूनला अपेक्षित असतो. आणि सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणेकाठची रानेच वाहून गेली. शासनाला ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. तिजोरीची अडचण सांगणाऱ्यांनी हा आकडाही समोर ठेवावा.

दुष्काळाचेही तेच. २०२३ ला आधी ४० तालुके जाहीर झाले. ओरड झाल्यावर हजारावर महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य केली. तालुक्यावरून मंडळावर आलात, हे पाऊल मोठे होते. पण मंडळांसाठी लावलेला निकष पुन्हा बेरजेचाच: जून ते सप्टेंबरात सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. सप्टेंबरच्या दोन मुसळधार रात्रींत ७६ टक्के गाठलेले मंडळ त्यातून आपोआप बाहेर. ऑगस्टात जळालेल्या पिकाला त्या दोन रात्रींचा काय उपयोग झाला, हे विचारायला निकषात जागा नाही.

मोजायची साधने आहेत. महावेध प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे मंडळागणिक उभी आहेत. त्यांची निगा मात्र बघण्यासारखी आहे. एक केंद्र मी जवळून पाहिले. कुंपण शाबूत, सौर पॅनेलवर धूळ, आणि निंबाची फांदी थेट पर्जन्यमापकावर आलेली. गाळणीत निंबाच्या काड्या आणि पिसे अडकलेली. अशा मापकात तासाभराचा पाऊस चार तास ठिबकत राहतो आणि फांदीवरचा तर बाहेरच गळतो. आजूबाजूचा अडथळा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवे, हा साधा नियम. ६५ च्या जागी ६१ नोंदले गेले तर मंडळातल्या सगळ्या गावांचे पंचनामे अडतात. फांदी छाटायला कोयता पुरतो, पण ती कुणी छाटायची याचा आदेश कुणाकडेच नाही असे दिसते.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. ही केंद्रे गेल्या दशकातली. सरासरी काढायला किमान तीस वर्षांची नोंद लागते. म्हणजे मंडळाचा आजचा पाऊस नव्या यंत्रातून येतो आणि ज्या सरासरीशी तो ताडायचा ती दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या नोंदीवरून. यावर उपाय पुण्यातच आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. देशाच्या हवामान नोंदींचे राष्ट्रीय डेटा सेंटर तिथेच आहे. खात्याने १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पंचवीसेक किलोमीटरच्या चौकटींत बसवून तयार ठेवला आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला हे काम सांगा: प्रत्येक मंडळासाठी त्या त्या पंधरवड्यात खंड पडण्याची शक्यता किती, मागच्या शंभर वर्षांत दहा दिवसांचे, पंधरा दिवसांचे, एकवीस दिवसांचे खंड कितीदा आणि कधी पडले, याचा तक्ता काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. पेरणी कधी आणि कोणत्या वाणाची, हे ठरवायला टक्क्यांपेक्षा तो तक्ता कितीतरी कामाचा.

विम्यातली आणि दुष्काळ निकषातली खंडाची तरतूद परत आणा, पण सुधारून. खंड तुटायला अडीच मिलिमीटर नको, जमिनीत ओल पोचेल एवढा पाऊस हवा. मी तर सलग दोन-तीन दिवसांत वीस मिलिमीटर म्हणेन, विद्यापीठाने मोजून काय तो आकडा सांगावा. सगळ्या रानांना २१ दिवस हेही चूक. खोल काळी जमीन तेवढा दम धरते. आमच्या माळावरच्या मुरमाड रानात दहाव्या-बाराव्या दिवशी दुपारी पाने मान टाकतात. आणि फुलोऱ्यातला खंड वाढीच्या काळातल्या खंडाच्या पारड्यात टाकू नका.

खंड येणार हे आधी कळू शकते, हेही लक्षात घ्या. हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देते. पहिल्या दोन आठवड्यांपुरता तो बऱ्यापैकी उपयोगी असतो. तो गावाच्या भाषेत उतरवून देणारी जिल्हा कृषी हवामान केंद्रे कृषी विज्ञान केंद्रांमध्ये होती, ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. निर्णय केंद्र सरकारचा होता. पण राज्याने ती आपल्या पैशातून चालवायला कुणाची मनाई आहे? ‘येत्या आठवड्यानंतर उघडीप दिसते, आताच कोळपणी करून भेगा बुजवा, पाणी असेल तर फुलोऱ्यात एक पाळी द्या’ एवढा निरोप वेळेवर मिळाला तरी पुष्कळ वाचते. रुंद वरंबा सरीवरची पेरणी झडीत पाणी काढून देते आणि खंडात ओल धरते, हे आम्ही करून पाहिलेले आहे. पण गावाला एकच यंत्र आणि पेरणीला वाफसा मिळतो दोन-तीन दिवसांचा. त्यात किती जणांचा नंबर लागणार?

पुढच्या खरीप आढावा बैठकीत तुमच्यापुढे पुन्हा तो तक्ता येईल. टक्क्यांचा रकाना हवा तर ठेवा. त्याच्या शेजारी मंडळनिहाय दोन रकाने वाढवायला सांगा: मागच्या हंगामातला सर्वांत लांब खंड किती दिवसांचा आणि तेव्हा पीक कोणत्या अवस्थेत होते. रोजच्या नोंदी तुमच्या खात्याकडे आहेत, त्या काढायला एका माणसाचे काही दिवसांचे काम आहे. भरलेला तक्ता शेतकऱ्यांना पाहता येईल असा खुला ठेवावा, ही विनंती. या पत्राची प्रत जिल्हाधिकारी आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी यांनाही दिली आहे. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
बालाघाटावरचा एक सोयाबीन उत्पादक